रुमाल सोडण्यापूर्वी : एका घराण्याच्या दफ्तराचे प्रकरण

या प्रकरणातील घराणे, गाव आणि संस्था यांची नावे येथे दिलेली नाहीत, आणि माणसे ओळखू येतील असे काही तपशील गाळले आहेत. कागदांचे स्वरूप, त्यांच्याबाबत घेतलेले निर्णय आणि त्या निर्णयांचे परिणाम मात्र घडले तसे मांडले आहेत. प्रस्तुत लेखक त्या काळात संस्थेत नोंदणीचे काम पाहत होता, त्यामुळे पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांत त्याचाही वाटा आहे.

पार्श्वभूमी

२०१६ च्या मे महिन्यात आमच्या प्रादेशिक इतिहास संग्रहाला एका घराण्याकडून दूरध्वनी आला. गावातला वाडा पाडायचे ठरले होते, मजूर पुढच्या सोमवारी येणार होते, आणि माळ्यावरचे जुने मोडी कागद हवे असतील तर त्याआधी घेऊन जावेत, एरवी ते रद्दीत जातील, असा निरोप होता. असे निरोप वर्षातून चार-दोन वेळा येतात आणि बहुतेक वेळा हाती पोथ्यांची सुटी पाने, लग्नपत्रिका आणि जुनी पंचांगे लागतात. या वेळी माळ्यावर सागवानी पेटारा निघाला आणि त्यात खारव्याच्या कापडात बांधलेले कागदांचे ४३ रुमाल, म्हणजे गाठोडी, निघाले. प्रत्येक रुमालाच्या गाठीला पुठ्ठ्याचा तुकडा अडकवलेला होता, त्यावर मोडीत क्रमांक आणि विषय लिहिला होता, आणि कापडाच्या घड्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या होत्या. पेटाऱ्याशेजारी पत्र्याची एक ट्रंक होती. तीत शाळेची प्रमाणपत्रे, छायाचित्रे आणि अलीकडची कौटुंबिक पत्रे होती.

घराण्याकडे गावचे कुलकर्णी वतन, म्हणजे गावचे हिशेब लिहिण्याचा वंशपरंपरागत हक्क, होते आणि जोडीला थोडी सावकारी. सर्वांत जुना कागद म्हणजे ‘सन समान खमसैन मया व अलफ’ या वर्षाचे एक वाटणीपत्र. हा अरबी सन ११५८ मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होतो, आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो; म्हणजे तो कागद १७५७-५८ चा. सर्वांत अलीकडचे कागद परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणाऱ्या १९५० च्या मुंबई कायद्यानंतरच्या पत्रव्यवहाराचे होते. मधल्या दोनशे वर्षांत सनदांच्या नकला, महजर (पंचांसमोरचे निवाडे), गावचे ताळेबंद, कर्जाची खते (कर्जरोखे), कीर्दी, खतावण्या (खातेवार हिशेबाच्या वह्या) आणि घरची पत्रे असा सगळा पसारा होता. १८५२ च्या कायद्यानंतर इनामांची तपासणी करणाऱ्या इनाम कमिशनसमोर हक्काचे पुरावे मांडावे लागले, तेव्हा या घरातल्या कोणीतरी दफ्तर पहिल्यांदा नीट लावले असावे, कारण पहिल्या बारा रुमालांवरच्या चिठ्ठ्या एकाच हाताच्या आहेत आणि त्यांतले विषय कमिशनच्या चौकशीच्या क्रमाने आलेले आहेत.

खतांबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः खतांवर होता. ठिकठिकाणी खते हिसकावून जाळली गेली. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. एका छोट्या गावातल्या सावकारीची त्या कायद्याच्या आधीची आणि नंतरची खते सलग, एकाच ठिकाणी, पाठीमागच्या फेडीच्या नोंदींसह मिळणे हे संशोधकाच्या दृष्टीने मोठे घबाड होते. कर्जदारांच्या वंशजांच्या दृष्टीने ते तसे असेलच असे नाही, हे आमच्या लक्षात बरेच उशिरा आले.

पहिले दोन निर्णय

पहिला निर्णय वाड्यातच झाला. वेळ दोन दिवसांचा होता, पावसाची चिन्हे होती आणि संस्थेत पूर्णवेळ माणसे दोनच. आम्ही पेटारा आणि ट्रंक टेम्पोत चढवली, ‘४३ रुमाल व १ ट्रंक मिळाली’ अशी एका ओळीची पावती लिहिली आणि तीवर घरातल्या थोरल्या काकांची सही घेतली. माळ्याचे, पेटाऱ्यातल्या थरांचे किंवा चिठ्ठ्यांचे एकही छायाचित्र काढले नाही, जरी आम्हा दोघांच्याही खिशात मोबाइल होते. घराण्याच्या आणखी दोन शाखा आहेत, काकांना एक बहीण आहे, आणि त्यांपैकी कोणालाही या देण्याची कल्पना नव्हती, हे आम्ही विचारले नाही म्हणून कळले नाही.

संस्थेत आल्यावर कागदांची काळजी मात्र व्यवस्थित घेतली गेली. वाळवीचा आणि कसरीचा संशय होता म्हणून सगळे रुमाल तीन आठवडे वेगळ्या खोलीत, प्रत्येकी बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले, दर दोन दिवसांनी पिशव्यांत ताजा भुसा पडतो का ते पाहिले, मग मऊ ब्रशने धूळ काढली. काजळाच्या शाईने लिहिलेले अठराव्या शतकातले कागद आश्चर्य वाटावे इतके टवटवीत होते, तर विसाव्या शतकातली निळी-जांभळी शाई ओल लागून ठिकठिकाणी पसरली होती. एक सनद घरच्यांनी पूर्वीच दुकानात नेऊन गरम प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतली होती. ती तशीच ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण ते आवरण कागदाला इजा न करता निघत नाही.

दुसरा निर्णय त्यानंतरचा, आणि या प्रकरणाचे मूळ तोच आहे. संस्थेत मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक विनामूल्य काम करीत. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. गुरुजींचे मोडीवाचन इतके सराईत होते की शिरोरेघ आधी ओढून तिच्याखाली बोरू न उचलता लिहिलेली अक्षरे ते छापील मजकुरासारखी वाचत. आम्ही त्यांच्या हाती खोलीची किल्ली दिली आणि ‘काय काय आहे ते पाहून घ्या’ असे सांगितले. लेखी सूचना दिली नाही. अकरा दिवसांत गुरुजींनी १९ रुमाल सोडले आणि कागदांचे ढीग लावले : सनदा व राजकीय पत्रे एका बाजूला, खते दुसऱ्या, घरची पत्रे तिसऱ्या आणि हिशेबाच्या वह्या ‘किरकोळ’ म्हणून भिंतीशी. सोडलेले रुमाल धुऊन, वाळवून, घडी करून कपाटात ठेवले होते. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या एका पाकिटात जमा केल्या होत्या.

गुरुजींना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. वि. का. राजवाडे आणि त्यांच्या पिढीतले संशोधक गावोगाव फिरून वाण्याच्या दुकानातून आणि वाळवीच्या तोंडातून कागद ओढून काढत होते. वेळ आणि पैसा दोन्ही तुटपुंजे असताना महत्त्वाचे आधी वेचणे ही त्यांची गरज होती, आणि त्या वेचणीवर मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा भाग उभा आहे. गुरुजी त्याच शिस्तीत वाढलेले. ज्याला वाचता येते त्याने निवडावे, हे त्यांना इतके स्वाभाविक वाटत होते की त्यांनी विचारले नाही, आणि आम्हालाही ते इतके स्वाभाविक वाटत होते की आम्ही थांबवले नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

‘घरची पत्रे’ या ढिगात ६४ पत्रे एकाच स्त्रीची निघाली. थोरल्या काकांच्या आजोबांची ही धाकटी बहीण. घरात तिला सगळे आत्याबाई म्हणत. कोवळ्या वयात वैधव्य आले, सासरच्यांनी माहेरी आणून सोडले, आणि वडिलांनी बराच विरोध पत्करून तिला विधवांच्या शिक्षणासाठी निघालेल्या एका संस्थेत दूरच्या शहरी पाठवले. पुढे ती शिक्षिका झाली आणि १९५८ मध्ये वारली. तिला मूलबाळ नव्हते. पत्रे बाळबोध (देवनागरी) लिपीत आहेत. काही पत्रांतले अक्षर लहान मुलाने गिरवावे तसे, काहींतले वळणदार आणि भराभर लिहिलेले. अशी पत्रे विरळा मिळतात, कारण त्या काळच्या मराठी घरांतल्या स्त्रियांबद्दल लिहिलेले कागद पुष्कळ आहेत, त्यांनी स्वतः लिहिलेले थोडे.

अडचण अशी की एकाही पत्रावर वर्ष नव्हते. ‘वद्य ५, सोमवार’ एवढेच. कित्येकांवर महिनासुद्धा नाही. पाकिटांवरची तिकिटे घरातल्या मुलांनी केव्हाच संग्रहासाठी कापून घेतली होती आणि टपाल शिक्क्याची तारीख तिकिटाबरोबर गेली होती. पत्रे कोणत्या क्रमाने लिहिली गेली हे कळल्याशिवाय त्यांतला मजकूर नीट लागत नव्हता. मी गुरुजींना विचारले की ही पत्रे मुळात कोणत्या रुमालात होती. त्यांनी क्षणभर आठवून सांगितले की ती वेगळी बांधलेली नव्हतीच. कीर्दीच्या पानांत चार घड्या करून खोचलेली होती, म्हणून त्यांनी ती एकेक ओढून काढली आणि हिशेबाच्या वह्या बाजूला ठेवल्या.

कीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आणि तिच्या प्रत्येक पानावर शक, महिना व तिथी असते. शके १८३१ ते १८४३, म्हणजे १९०९ ते १९२२ या काळाच्या तेरा कीर्दी तिथे होत्या. पत्र आले की त्या दिवशीच्या पानात ते खोचून ठेवायचे, अशी घरातल्या कारकुनाची किंवा खुद्द वडिलांची पद्धत होती. पत्रावर वर्ष घालण्याची गरजच नव्हती. वर्ष वहीत होते, आणि पत्र वहीबाहेर काढताक्षणी ते वर्ष नाहीसे झाले.

याच सुमारास दुसरी बाजू उघडली. काकांच्या बहिणीने संस्थेला पत्र लिहून विचारले की वडिलोपार्जित कागद कोणाच्या संमतीने नेले. मधल्या शाखेतले, परदेशात राहणारे पुतणे तीन मूळ सनदा आपल्याकडे मागू लागले. आणि स्वतः काकांनी आत्याबाईंच्या पत्रांची यादी पाहून सांगितले की ती पत्रे परत द्यावीत किंवा नष्ट करावीत, कारण त्यांत घराच्या अब्रूच्या गोष्टी आहेत. काकांचा स्वर रागाचा नव्हता. त्यांच्या आजोबांनी बहिणीला शिकवले याचा त्यांना अभिमान होता; पण त्या शिकण्याची घरात काय किंमत मोजली गेली ते परक्यांनी वाचावे असे त्यांना वाटत नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

कार्यकारिणीपुढे चार मार्ग होते. पत्रे परत करणे हा सर्वांत कमी कटकटीचा, पण मग ती नष्ट होणार हे उघड होते. सर्व पत्रे लगेच खुली करणे गुरुजींना आणि दोन तरुण संशोधकांना हवे होते. तिसरा मार्ग पत्रे ठेवून घेऊन ठरावीक मुदतीसाठी मोहोरबंद करण्याचा होता, आणि चौथा, फक्त स्कॅन ठेवून मूळ परत करण्याचा. चौथा मार्ग सभेत जवळजवळ मंजूर झाला होता. तो ज्यांना समंजस तडजोड वाटला त्यांत मीही होतो. गुरुजींनी एक साधा प्रश्न विचारून तो बाजूला केला : पत्र कीर्दीच्या कोणत्या पानातले हे शोधायचे असेल तर ते कशावरून शोधणार, चित्रावरून की कागदावरून? उत्तर कोणाकडेच नव्हते, पण शोधण्याची आशा ठेवायची तर मूळ कागद हाताशी हवा, एवढे सर्वांना पटले. ज्यांच्या हातून चूक झाली त्यांनीच ती दुरुस्त करण्याचा रस्ता मोकळा ठेवला, हे येथे नोंदवले पाहिजे.

कोणाचा कागद, कोणाचे शब्द

कायद्याचा सल्ला आम्ही या टप्प्यावर घेतला. तो पावती करण्याआधी घ्यायला हवा होता.

वकिलांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी की पत्राचा कागद ज्याला पत्र आले त्याचा, म्हणजे पुढे त्याच्या वारसांचा. पण त्यातल्या शब्दांचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा. आत्याबाईंच्या शब्दांचे वारस कोण, हे पाहिल्यावर सभेत काही वेळ कोणी बोलले नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, आत्याबाई १९५८ मध्ये मृत्युपत्र न करता वारल्या. अपत्य नसलेल्या आणि पती हयात नसलेल्या स्त्रीची मालमत्ता, ती तिला आईवडिलांकडून वारशाने मिळालेली नसेल तर, कलम १५ प्रमाणे पतीच्या वारसांकडे जाते. ज्या घराने तिला परत आणून सोडले, त्या घराचे वंशज तिच्या पत्रांतल्या शब्दांचे कायदेशीर धनी ठरत होते आणि ज्यांनी पत्रे शंभर वर्षे जपली त्यांच्याकडे फक्त कागद उरत होता. ते वंशज कोण आणि कोठे, याचा घरात कोणालाच पत्ता नव्हता.

वाट १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातच होती. लोकांना प्रवेश असलेल्या ग्रंथालयात, संग्रहालयात किंवा तशा संस्थेत ठेवलेल्या अप्रकाशित लेखनाची संशोधनासाठी प्रत करता येते, मात्र लेखक ज्ञात असेल तर त्याच्या मृत्यूला ६० वर्षांहून अधिक काळ लोटलेला हवा. हे कलम ५२ मध्ये आहे. आत्याबाईंच्या बाबतीत ती मुदत २०१८ मध्ये संपत होती. म्हणजे पत्रे ताबडतोब खुली करण्याचा आग्रह जसा कायद्याला धरून नव्हता, तसे ती कायमची बंद ठेवण्यालाही कारण नव्हते. दोन वर्षे थांबायचे होते.

परदेशातल्या पुतण्यांचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक मूल्य असलेले ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित किंवा दस्तऐवज पुरावशेषांत मोडतात आणि ते देशाबाहेर नेण्याची मुभा केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेल्या यंत्रणेशिवाय कोणालाही नाही. हे कळल्यावर त्यांनी मूळ सनदांचा आग्रह सोडला आणि उत्तम प्रतीचे स्कॅन मागितले, ते त्यांना दिले.

मालकीसाठी तिन्ही शाखांना आणि काकांच्या बहिणीला एकत्र बसवावे लागले. बक्षीसपत्र करावे की ठेव म्हणून ठेवावे, यावर तीन बैठका झाल्या. जंगम वस्तूचे दान ताबा देऊनही पूर्ण होते, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण मागाहून वाद नकोत म्हणून नोंदणीकृत बक्षीसपत्र करायचे ठरले. काकांच्या बहिणीने सही करताना एकच अट घातली. बक्षीसपत्राच्या परिशिष्टात आत्याबाईंचे नाव ‘अमुक यांची भगिनी’ असे लिहिले होते, ते खोडून तिचे स्वतःचे पूर्ण नाव घालायला लावले.

केलेली कार्यवाही

पहिले काम म्हणजे काम थांबवणे. उरलेले २४ रुमाल जसेच्या तसे बंद ठेवले. प्रत्येकाचे गाठीसह चारही बाजूंनी छायाचित्र काढले, मग गाठ सोडून प्रत्येक थराचे, आणि कागद उचलण्याआधी त्याच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने रुमाल, पुडके आणि पान असे तीन अंक लिहिले. संग्रह ज्या हातून आला त्याच्या रचनेत तो अखंड ठेवावा, हे तत्त्व अभिलेखशास्त्रात फ्रान्समधल्या १८४१ च्या परिपत्रकापासून रूढ झाले, असे शिकवले जाते. आमच्याकडच्या दफ्तरदारांनी त्याला नाव दिले नव्हते, पण रुमालाची गाठ आणि तिच्यावरची चिठ्ठी हेच तर सांगत होती. पुण्याचे पेशवे दफ्तर आजही रुमालांनीच मोजले जाते.

मग ६४ पत्रे. ती परत कीर्दीत कशी बसवायची याचा उलगडा किड्यांनी केला. कीर्दीच्या पानांना किड्यांनी आरपार भोके पाडली होती. चार घड्यांचे पत्र दोन पानांच्या मध्ये असेल तर किडा पान, पत्राचे चारही पदर आणि पुढचे पान असा सरळ जातो. उलगडलेल्या पत्रावर त्यामुळे घडीच्या रेषांच्या दोन्ही अंगांना आरशात दिसावीत तशी भोके दिसतात, आणि पत्र पुन्हा जुन्या घडीत घातले की ती सगळी एकावर एक येऊन एकच भोक उरते. काचेच्या टेबलाखाली दिवा लावून आम्ही एकेक पत्र घडी करून कीर्दीच्या पानांवर सरकवत गेलो. पत्रातला प्रकाशाचा ठिपका आणि पानातला ठिपका जुळला की सहकारी बाई मोठ्याने पान क्रमांक सांगत आणि मी लिहून घेई. काही पत्रांना टाचणी होती. तिचा गंज समोरच्या पानावर उमटलेला होता आणि तोही उपयोगी पडला. या रीतीने २९ पत्रे जागेवर गेली.

किड्यांनी न खाल्लेल्या पत्रांसाठी जंत्री, म्हणजे जुन्या वर्षांच्या तिथी-वारांची तालिका, काढली. महिना, पक्ष, तिथी आणि वार एवढे माहीत असेल तर तेरा वर्षांपैकी फार थोड्याच वर्षांत ते जुळून येतात, आणि मजकुरातल्या एखाद्या सणाच्या किंवा परीक्षेच्या उल्लेखाने त्यांतले एक ठरवता येते. अशी ११ पत्रे लागली. सात पत्रे केवळ अक्षराच्या वळणावरून आणि आधी लागलेल्या पत्रांतल्या संदर्भांवरून अंदाजाने बसवली. त्यांच्यापुढे नोंदीत ‘अनुमानित’ असे स्पष्ट लिहिले आहे. सगळ्या कामाला पावणेदोन वर्षे लागली. गुरुजींनी ते ढीग अकरा दिवसांत लावले होते.

पत्रे पुन्हा कीर्दीत खोचली नाहीत, कारण पत्राच्या शाईने वहीची पाने डागाळत होती. ती आम्लमुक्त पाकिटांत वेगळी ठेवली आणि कीर्दीत त्या जागी पत्राचा क्रमांक लिहिलेली कागदाची पट्टी घातली.

निष्पत्ती

पत्रे कीर्दीशी जोडली गेल्यावर काय दिसले, याचे एक उदाहरण देतो. आत्याबाईंना दरमहा पाठवलेली मनीऑर्डर कीर्दीत सुरुवातीची वर्षे ‘धर्मादाय’ खात्यावर नावे पडली आहे, म्हणजे देवळाच्या नंदादीपाच्या तेलाशेजारी आणि भिक्षुकांच्या दक्षिणेशेजारी. शके १८३८ च्या कीर्दीपासून तीच रक्कम ‘शिक्षण’ या नव्या खात्यावर आहे. मुलग्यांच्या शाळेची फीही त्याच खात्यावर. हा बदल कोणी, का केला याची नोंद कीर्दीत नाही, तशी ती असतही नाही. एका पत्रात मात्र आत्याबाईंनी भावाला लिहिले आहे की सुट्टीत घरी असताना त्यांनी कीर्द वाचली, आपले नाव कोणत्या खात्यात आहे ते पाहिले, आणि तसे पैसे घेण्यापेक्षा त्या शिकवण्या करून भागवतील. या पत्रावरही वर्ष नाही. ते सुटे असताना आम्ही अक्षरावरून त्याला शेवटच्या दोन-तीन वर्षांतले समजत होतो. भोके जुळली ती शके १८३७ च्या फाल्गुनातल्या पानाशी. पुढच्याच महिन्यात नवे वर्ष लागते आणि खाते बदलते. कीर्दीवरून नुसते कळले असते की एका कुटुंबाचे विचार हळूहळू बदलत गेले. पत्र आपल्या पानाशी आल्यावर दिसते की बदल एका महिन्यात झाला आणि तो आत्याबाईंनी मागितला म्हणून झाला.

हे पत्र मी काकांना वाचून दाखवले. त्यांनी कीर्द मागितली, दोन्ही वर्षांची पाने समोरासमोर ठेवून बराच वेळ पाहिली, आणि मग नष्ट करण्याचा विषय पुन्हा काढला नाही. तरीही दोन पत्रांबाबत ते ठाम राहिले. त्यांत दुसऱ्या एका कुटुंबातल्या प्रसंगाचा उल्लेख आहे आणि त्या कुटुंबातली माणसे हयात आहेत. आम्हालाही त्यांचे म्हणणे योग्य वाटले. ती दोन २०४० पर्यंत बंद आहेत, आणि तशी ती आहेत ही गोष्ट सूचीत लपवलेली नाही. उरलेली ६२ पत्रे जानेवारी २०१९ पासून वाचनकक्षात पाहता येतात. संकेतस्थळावर त्यांचे वर्णन आहे, चित्रे नाहीत.

खतांचे मात्र पूर्ण समाधानकारक उत्तर निघाले नाही. ती २१२ खते वाचनकक्षात खुली आहेत, पण कर्जदारांच्या नावांची सूची आम्ही संकेतस्थळावर टाकली नाही. खतांत माणसाचे नाव, जात, जमीन, कर्ज आणि कधीकधी गहाण टाकलेल्या दागिन्यांचे वर्णन असे सगळे एकत्र येते, आणि तीच आडनावे आजही त्याच गावात नांदत आहेत. दुसरीकडे जातीच्या दाखल्यासाठी जुन्या मोडी नोंदी शोधणारे लोक येतात. त्यांच्यासाठी हीच सूची मोलाची ठरली असती. सध्या प्रत्यक्ष येऊन विचारणाऱ्याला त्याच्या घराण्याचा कागद दाखवला जातो आणि ‘संस्थेच्या संग्रहातील कागदाची प्रत’ एवढाच शेरा मारून प्रत दिली जाते. मजकुराच्या खरेपणाची हमी संस्था देत नाही. दूर राहणाऱ्यावर यात अन्याय होतो, हे मान्य आहे.

आज करायचे झाल्यास

वाड्यात काम करायला मिळालेले दोन दिवस वाहतुकीत गेले. आज मी त्यातला पहिला अर्धा दिवस फक्त छायाचित्रांना देईन, आणि पेटारा हलवण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला माळ्याखाली खुर्ची देऊन विचारीन की कोणता कागद कोण कोठे ठेवत असे. पत्रे कीर्दीत खोचण्याची पद्धत काकांना लहानपणापासून माहीत होती. आम्ही तीन वर्षांनी विचारले तेव्हा त्यांनी ती सहज सांगितली, वर म्हणाले की तुम्हाला ठाऊक असेल असे वाटले.

पावतीऐवजी तात्पुरता ठेवपत्राचा नमुना आता गाडीतच असतो. त्यात इतर वारसांची नावे आणि पत्ते लिहिण्याची जागा आहे, आणि अंतिम करार होईपर्यंत संस्था कागद फक्त सांभाळेल, लावणार किंवा दाखवणार नाही असे कलम आहे. विनामूल्य काम करणाऱ्या जाणकारांना किल्लीबरोबर एक पानी लेखी सूचना दिली जाते. ती सूचना गुरुजींनीच लिहून दिली. तिच्यातले पहिले वाक्य मोडीत आहे, म्हणजे ज्याला ते वाचता येत नाही त्याने पुढे जाऊ नये.

एक गोष्ट अजून अनिर्णित आहे. सोडलेले १९ रुमाल धुतले गेले तेव्हा त्यांच्यावरच्या घड्यांच्या आणि धुळीच्या खुणा गेल्या, आणि पाकिटात जमा केलेल्या १९ चिठ्ठ्यांपैकी चार चिठ्ठ्या कोणत्या कागदांच्या हे ठरवता आलेले नाही. आत्याबाईंची १७ पत्रेही तशीच आहेत. त्यांना भोके नाहीत, गंज नाही, त्यांवर तिथी आहे तर वार नाही, वार आहे तर महिना नाही. ती ‘क्रम अनिश्चित’ अशा वेगळ्या पाकिटात ठेवली आहेत, आणि त्या पाकिटावर ती कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून कीर्दीबाहेर आली ते लिहिले आहे.